सातव्या स्लाइडची शेवटची ओळ

३ डिसेंबर १९९३, शुक्रवार

आज कडुबाचा हात गेला.

प्रेस शॉपचा धडधडाट एकाएकी थांबला म्हणून आम्ही अकाउंट्सवाले बाहेर पळालो. चार नंबरच्या प्रेसपुढं कडुबा साळवे गुडघ्यांवर बसलेला, उजवा हात साच्यात, तोंड उघडं आणि आवाज नाही. आवाज मग आला. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं आहेत, कापतानाचं ओरडणं मी लहानपणापासून ऐकलंय, पण असलं नाही. साचा वर घेतला तर चार बोटं आणि अर्धा पंजा पत्र्याला चिकटून राहिला. मी त्याला मागून काखेत धरलं होतं. तो मला म्हणतो, "सूर्यभान, बोटं उचल रं माझी, कुत्रं नेईल." मी त्याला दुसऱ्याच्या हवाली केलं आणि भिंतीपाशी जाऊन ओकलो. चपलेला रक्त लागलंय, ते अजून निघत नाही.

प्रेसला दोन बटनं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात साच्यात राहायचा प्रश्नच नाही. उजव्या बटनात रबराचा तुकडा ठोकलेला निघाला. असं केलं की एका हातानं बटन दाबायचं, दुसऱ्यानं पत्रा सरकवायचा, माल झपाझप निघतो. आता तो तुकडा कोणी ठोकला यावर सगळ्या चितेगावच्या चहाच्या टपऱ्यांवर चर्चा.

सोनाजीमामा त्या पाळीचा सुपरवायझर. आईचा सख्खा भाऊ. त्यानंच मला कंपनीत चिकटवलं, मुकुंदवाडीत त्याच्याच घरी मी राहतो. घरी आला तो थेट मोरीत गेला आणि हात धूत बसला, मामीनं तीनदा हाक मारली तरी बाहेर येईना. जेवलाही नाही. लई हळवा माणूस आहे.

९ डिसेंबर

टाकसाळे साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वर्क्स मॅनेजर स्वतःहून बोलावतो म्हणजे एक तर बढती नाहीतर बोळवण. दोन्ही नाही. सतरा जानेवारीला चौकशी आहे. पुण्याच्या हेड ऑफिसचे लोक आणि सरकारी इन्स्पेक्टर येणार. सगळं कॉम्प्युटरवर, स्लाइड करून दाखवायचं, आणि मराठीत, कारण युनियन अडून बसलीय. मजकूर सेफ्टीवाल्या बद्रीनाथरावांनी हातानं लिहून दिलाय आणि ते महिनाभर रजेवर गेलेत. कंपनीत स्लाइड करता येणारा माणूस एकच, तो मी.

चौकशीत कडुबाची चूक निघाली तर त्याची नोकरी गेली. एका हाताच्या माणसाला दुसरी कोण देणार? त्याची बायको पारूबाई रोज गेटबाहेर बाभळीखाली बसून असते. आत घेत नाहीत, ती उठत नाही.

साहेब म्हणाले, "तू सोनाजीचा भाचा ना? मग हे घरचं काम समज." बरं वाटलं.

११ डिसेंबर

आज माझ्या हातून माउस फुटला. फुटला म्हणजे मीच भिंतीवर मारला.

झालं असं. माझ्या मशीनवर स्लाइडच्या प्रोग्रामचं जुनं व्हर्जन. साहेबांच्या केबिनमध्ये आणि कॉन्फरन्स रूममध्ये नवं. अकरा स्लाइड मी एवढ्या निगुतीनं केल्या, फ्लॉपीत घातल्या, केबिनमध्ये उघडल्या, आणि पडद्यावर किडे. मराठी फॉन्ट त्या मशीनवर नव्हता. तो घातला तर अक्षरं फुगली, दोन ओळींच्या तीन झाल्या, तक्त्याचे खांब एकमेकांत घुसले, आणि सातव्या स्लाइडची शेवटची ओळ खाली पार पडद्याबाहेर. साहेब बघतच राहिले. "ही ओळ गेली कुठं?" मी म्हणालो, व्हर्जन बदललं की असं होतं साहेब, ओळ पडते. त्यांनी परत विचारलं, "आपोआप पडते?" मी म्हणालो हो. त्यांनी मान हलवली, रागावले नाहीत. वाघासारखा माणूस माझ्या एवढ्या चुकीवर चकार शब्द बोलला नाही, तर मला स्वतःचीच चीड आली आणि बाहेर येऊन माउस मारला.

आता ठरवलंय. फॉन्ट प्रत्येक फ्लॉपीत सोबत. ओळी आपोआप तुटू द्यायच्या नाहीत, हातानं तोडायच्या. खाली दोन बोटं जागा सोडायची. आणि प्रत्येक बदल दोन्ही व्हर्जनांत उघडून बघायचा. बघू कशी पडते ओळ.

२० डिसेंबर

कँटीनमध्ये मारामारी. नामांतराचं निमित्त. विद्यापीठाचं नाव बदलणार अशी हवा आहे, आणि सोळा वर्षं कुजत पडलेलं भांडण पुन्हा ताटात येऊन पडलं. वेल्डिंगचा एक जण बोलला, "बोटं गेली तरी यांना नाव पायजेच." कडुबाच्या आळीतल्या पोरानं वरणाचं डेगचं त्याच्या अंगावर उलटं केलं. उकळतं वरण. त्याच्या गळ्याची कातडी लोंबली. मग बाकडी, ताटं, लोखंडी झारे. माझ्या कानावर कोणाचा तरी ठोसा बसला, मी ज्याच्या त्याच्या तोंडावर दिले. नंतर लोक विचारत होते, तू कोणाच्या बाजूनं होतास. खरं सांगायचं तर मला ठाऊक नाही. मला मारलं म्हणून मी मारलं. विद्यापीठानं मला बी.कॉम.ला थर्ड क्लास दिला, त्याचं नाव काहीही ठेवा.

कान अजून गुणगुणतोय.

२८ डिसेंबर

काल संध्याकाळी साहेबांनी फ्लॉपी वाचायला म्हणून ठेवून घेतली. आज सकाळी परत दिली. उघडली तर सातव्या स्लाइडची शेवटची ओळ नाही. खालीही पडलेली नाही. नाहीच.

ती ओळ अशी: "उजव्या बटनात रबर ठोकण्याची पद्धत दुसऱ्या पाळीत सप्टेंबरपासून सुरू होती." साधी ओळ. बाकीच्या चार ओळी जागच्या जागी, हीच तेवढी गुल. नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह करताना खाल्ली असणार. मी पुन्हा टाइप केली, दोन पॉइंट बारीक केली, वर सरकवली.

जेवताना मामानं विचारलं, "त्या सातव्या पाटीवर काय काय लिव्हलंय रं?" तो स्लाइडला पाटी म्हणतो. आजवर त्यानं माझ्या कामाचं कधी विचारलं नव्हतं. मी हरखून सगळं सांगितलं, ओळ पडते ती, मी परत घालतो ती. मामा भाकरी कुस्करत ऐकत होता. म्हणाला, "पडू दे की मग. एका ओळीनं काय व्हतंय?" मी म्हणालो, मामा, काम म्हणजे काम. तुमच्या पाळीनं उगाच का उत्पादनाची ढाल पटकावली? काम चोख म्हणून. मामी सारजाबाई ताटातून उठून गेली. तिला मधेच काय होतं कळत नाही.

५ जानेवारी १९९४

पुन्हा गेली. साहेबांकडे फ्लॉपी एक दिवस, ओळ गायब.

मी आज जेवणाच्या सुट्टीत कॉन्फरन्स रूममध्ये नव्या व्हर्जनवर बसलो. उघडली, सेव्ह केली. उघडली, सेव्ह केली. कितीदा तरी. ओळ हलली नाही. म्हणजे प्रोग्राम ठीक. मग खराबी कशात? फ्लॉपीत. फ्लॉप्या कोणाच्या? मुख्तारच्या.

मुख्तार माझा कॉलेजचा दोस्त. पैठण गेटला त्याचं कॉम्प्युटर सेंटर आहे. फॉन्ट त्याचा, फ्लॉप्या त्याच्या, लेझर प्रिंटर त्याचा. व्हायरसही त्याचाच असणार.

८ जानेवारी

मुख्तारला मारलं.

लिहायची लाज वाटते पण लिहितो. गेलो तेव्हा तो गिऱ्हाइकाची लग्नपत्रिका जुळवत होता. मी फ्लॉपी त्याच्या टेबलावर आपटली, म्हणालो तुझ्या सडक्या मालानं माझं काम नासवलं. त्यानं शांतपणे फ्लॉपी तपासली. व्हायरस नाही. मग मला बसवून सगळं विचारलं. कोणती ओळ, किती वेळा, कोणाकडं फ्लॉपी असते. ऐकून हसला. म्हणाला, "अरे सूर्या, ये मशीन का काम नहीं रे. मशीन ओळ पाडतं, मान्य. पण अकरा स्लाइडमधून दर वेळी वही एक? मशीन को क्या मालूम कौनसी ओळ किसकी हय?"

म्हणजे काय म्हणायचंय तुला, मी विचारलं.

"म्हणजे तेरे साब को पूछ. और तेरे मामू को."

पुढचं मला नीट आठवत नाही. चोराच्या उलट्या बोंबा, असं काहीतरी मी ओरडलो. त्याची कॉलर माझ्या हातात आणि त्याचं तोंड कीबोर्डवर. एकदा, मग पुन्हा. बटनं उडाली. त्याची बहीण वहिदा आतून धावत आली आणि तिनं स्टूल माझ्या पाठीत घातलं म्हणून मी सोडलं. मुख्तारचा पुढचा दात पडला. त्यानं उलटा हात उचलला नाही. दात तळहातावर घेऊन बघत बसला, तेच डोळ्यांपुढून जात नाही.

पण मामाचं नाव घ्यायचं काय कारण होतं? ज्याच्या घरचं खातो, त्याच्याविषयी असलं मी ऐकून घेऊ?

१२ जानेवारी

चार दिवस डोकं लावल्यावर उपाय सुचला. कागदाला व्हर्जन नसतं. काचेसारखी ती पारदर्शक शीट असते, तिच्यावर छापून घ्यायचं. प्रोजेक्टरवर ठेवली की झालं. मशीनमध्ये काही बिघडो, अक्षर जागचं हलणार नाही. अकराच्या अकरा स्लाइड छापून जवळ ठेवायच्या, वेळेला उपयोगी.

छापायचा प्रिंटर मात्र मुख्तारकडंच. तोंड लपवत गेलो. ओठ सुजलेला, दाताच्या जागी खिंडार. मी म्हणालो, माफ कर. त्यानं हात पुढं करून फ्लॉपी घेतली. शीट छापल्या, प्रत्येक उजेडात धरून बघितली, मधे कागद घालून फाइलमध्ये लावल्या. सातवी जरा जास्त वेळ बघितली. मग फाइल माझ्याकडे सरकवून म्हणाला, "संभालके ले जा. और अब मत आना."

साहेबांना शीटचं सांगितलं नाही. ऐन वेळी दाखवीन, खूश होतील.

१४ जानेवारी, संक्रांत

नाव झालं. आज जाहीर झालं. बातमी येताच कंपनीनं पहिली पाळी सोडून दिली. आम्ही कंपनीच्या बसनं निघालो. निळा फेटा बांधलेला एक जण पुढं बसून रडत होता, आनंदानं. मागच्या बाकावरचे दात खात त्याच्याकडे बघत होते.

पैठण रोडवर गाडी हळू झाली आणि दगड आले. पहिला काचेतून ड्रायव्हरच्या गालफडात. गाडी खड्ड्यात. मग दोन्ही बाजूंनी दगडच दगड. फेटेवाला खाली उतरला, का उतरला देव जाणे, त्याला चौघांनी रस्त्यावर आडवा केला. काठीचा आवाज ओल्या पोत्यावर मारल्यासारखा येत होता. मी सीटखाली होतो. फाइल छातीशी धरून. शीटला काच लागली तर चरा जाईल म्हणून मी तिच्यावर पालथा पडलो, फेटेवाल्यावर नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

पोलीस आले तेव्हा तो जिवंत होता. नाव कळलं नाही.

घरी मामा दारात उभा. मला उराशी धरलं. म्हणाला, "तुला काय झालं असतं तर तुझ्या मायला मी काय तोंड दावलं असतं?" मामीनं तीळगूळ हातावर ठेवला. गोड बोलायचं असतं म्हणून आम्ही तिघं काहीच बोललो नाही.

१९ जानेवारी, घाटी दवाखाना

उजव्या बाजूच्या बरगड्या मोडल्यात. ओठाला आतून बाहेरून टाके. हात चालतो, म्हणून परवाचं सगळं लिहून काढतो.

कॉन्फरन्स रूममध्ये पुण्याचे दोघे, सरकारी इन्स्पेक्टर, युनियनचा धोंडिबा, टाकसाळे साहेब. भिंतीशी सुपरवायझर उभे, त्यात मामा. कडुबाला खुर्ची दिली होती. त्याचा हात पट्ट्यांत गुंडाळून मांडीवर ठेवलेला, परक्याचं सामान सांभाळावं तसा. मी मशीनवर, फ्लॉपी सकाळीच साहेबांकडून परत आलेली. प्रोजेक्टरच्या काचेवर ते चपटं पॅनेल ठेवायचं, त्यातून मशीनचं चित्र भिंतीवर पडतं. अक्षरं सुरेख दिसत होती. पुण्याचा साहेब म्हणालाही, कोणी केलंय, छान आहे.

सातवी स्लाइड आली. चार ओळी.

टाकसाळे साहेब बोलायला लागले, या स्लाइडवरून स्पष्ट होतं की ऑपरेटरनं स्वतःच्या सोयीसाठी. माझं डोकं फिरलं. चाळीस दिवस त्या ओळीमागं लागलो होतो आणि भर सभेत पुन्हा खाल्लीच तिला. मी उठलो. म्हणालो, साहेब, एक मिनिट, व्हर्जनचा घोटाळा झालाय, एक ओळ पडलीय. साहेब म्हणाले, राहू दे, पुढं घे. मी म्हणालो, नाही साहेब, माझ्याकडे छापील आहे. पुन्हा म्हणाले, सूर्यभान, पुढं घे. मला वाटलं, वेळ जाईल म्हणून म्हणताहेत. तोवर मी पॅनेल उचलून सातवी शीट काचेवर ठेवलीही होती.

पाचही ओळी. समास सरळ, खाली जागा मोकळी, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. देवाशप्पथ, मला आधी एवढंच दिसलं. मी ती ओळ मोठ्यानं वाचूनसुद्धा दाखवली.

इन्स्पेक्टरनं चष्मा काढला. "सप्टेंबरपासून दुसरी पाळी कोणाकडे होती?"

साहेबांनी समोरचे कागद जुळवायला घेतले. मग धोंडिबा म्हणाला, "सोनाजीकडं. ह्या इथं उभं हाय की. गणपतीत चार्ज घेतला, दसऱ्याला ढाल."

मी वळून मामाकडं बघितलं. मामा भिंतीकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता. मी खाली बसलो. पुढच्या चार स्लाइड कोणी फिरवल्या आठवत नाही.

संध्याकाळी फाट्यावर बसची वाट बघत होतो. मामा आणि दोघं जण जीपमधून उतरले. पहिली लाथ मामाची. त्या दोघांच्या हातांत पाइप होते, मामाच्या हातात सायकलची चेन. मारता मारता तो रडत होता. "कोणी शिकवलं तुला? किती दिले त्यांनी?" मी म्हणालो, कोणी नाही मामा, ओळ पडली होती. त्यानं चेन तोंडावर घातली. "साहेबानं माझ्यासमोर काढली ती. माझ्या खांद्यावर हात ठिवून काढली. दर टायमाला तू घालायचा अन्‌ ते काढायचं. तुला एकदा बी कळू नये?"

खरंच मला एकदाही कळू नये?

मग माझा आवाज बंद झाला. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं नामांतराची मारामारी आहे, म्हणून कोणी जवळ आलं नाही.

२२ जानेवारी

लासूर स्टेशनहून आई आली. कस्तुराबाई म्हणजे माहेरचा विषय निघाला तरी फुलणारी बाई. पदरात बाजरीची भाकरी बांधून आणली होती, आणि माझं तोंड बघून ती पदरातच राहू दिली. मामाला नोकरीवरून काढलं. पोलीसही येऊन गेले. मामीनं निरोप दिलाय, पुन्हा उंबरा चढू नका.

आई बराच वेळ माझा पाय दाबत होती. मग म्हणाली, "पडली व्हती ना ती वळ?"

"व्हय."

"मग पडू द्यायची व्हती. तुझं काय अडलं व्हतं?"

मी उशीवरचं डोकं भिंतीकडं वळवलं. ती म्हणाली, "एकच भाऊ व्हता मला. तो बी तू खाल्ला." रडली नाही. मीच रडलो, तर टाके ओढले.

टाकसाळे साहेबांना काही झालं नाही. मामानं सगळं परस्पर केलं, असं त्यांनी लिहून दिलं म्हणतात.

२४ जानेवारी

मुख्तारकडून कोणी आलं नाही. येणारही नाही.

आज कडुबा आला. पारूबाई बरोबर, आणि आळीतली चार माणसं. त्याची चूक नाही असं इन्स्पेक्टरनं लिहिलंय, गेटवर टाइम ऑफिसात बसायचं काम दिलंय. नवा शर्ट घातला होता, उजवी बाही थोटकावर दुमडून टाचलेली. आल्या आल्या पारूबाई माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी पाय ओढून घेतला तर बरगडीत कळ आली.

कडुबा खाटेवर बसला. वाटीत तांदळाची पेज होती, ती डाव्या हातानं चमच्यानं मला भरवू लागला. निम्मी उशीवर सांडत होती, आम्हा दोघांनाही ते जमत नव्हतं. म्हणाला, "आमच्या आळीत पोराटोरांच्या तोंडी तुझंच नाव हाय. धनगराच्या पोरानं सख्ख्या मामाला सोडलं नाय. एवढा दंगा पेटलेला, त्यात आमच्यासाठी कोण उभा ऱ्हातो? तुला ठाव व्हतं मार बसंल, घर तुटंल. तरी तू उठलास."

बरोबरची माणसं माझ्याकडे आदरानं बघत होती. त्यातल्या एकाच्या डोक्याला पट्टी होती, त्याला कोणत्या रस्त्यावर मारलं ते मी विचारलं नाही.

मला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ती शीट मी पैठण गेटलाच फाडून टाकली असती, कडुबा घरी बसला असता, आणि मी मामाच्या ताटात जेवलो असतो. हे मी चार दिवस उलटंपालटं करून बघितलं, दर वेळी हेच निघतं. निदान त्याला तरी सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

तर कडुबानं चमचा खाली ठेवला, उरलेला हात माझ्या ओठांवर धरला आणि म्हणाला, "बोलू नगं, टाकं उसवतील."

मी तोंड मिटलं.